पाल्याने बरी झालेली मुलगी

शहर
९ सप्टेंबर १९८२

साऊ मामा,

आपल्या राच सायचा होडीवाला काल घाटावर भेटला. त्याच्याबरोबर हे पत्र, साबणाची अर्धी वडी आणि माझ्या लुआच्या सदऱ्यासाठी निळं कापड देतेय. कापड रेशनचं आहे, धुतलं की आटतं. मामीला सांगा, आधी भिजव, मग शिव.

पोर रडते का हो माझ्यासाठी? खरं सांगा. तिला तुमच्याकडे ठेवून आले त्याला आता चार महिने होतील, आणि अजून जेवायला बसले की माझा हात आपोआप दुसरा वाडगा घेतो. पण इथे आणून करू काय? एका खोलीत आम्ही चार बायका, रेशनवर तांदळाऐवजी ज्वारी, आणि ती शिजवायला रॉकेल नाही. तिचा बाप कंबोडियाच्या सरहद्दीवरच्या लढाईतून परत आला असता तर गोष्ट निराळी होती.

सुईचं पुन्हा लिहिते, वैतागू नका. सांध्यांचा ताप तिला एकदा येऊन गेलाय आणि जाताना हृदयाच्या झडपेला धक्का लावून गेलाय. दुसऱ्यांदा आला तर झडप वाचायची नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलंय. तो येऊ नये म्हणून दर महिन्याच्या पाच तारखेला पेनिसिलिनची सुई, ती मोठी होईपर्यंत. एकही चुकवायची नाही. तुम्हाला हे पाठ आहे, तरी मी लिहिणार.

आता बातमी. माझी बदली झाली. आरोग्य खात्यात वनौषधींचा नवा विभाग उघडलाय, तिथे. बाहेरून औषधं येत नाहीत, आणायला पैसा नाही, तेव्हा गावोगावच्या दवाखान्यांनी आपापली औषधी बाग लावायची असा वरून हुकूम आहे. विभागाला एक आदर्श बाग करून दाखवायचीय. साहेबांनी विचारलं, कुठलं गाव घ्यायचं? माझ्या तोंडून आपसूक निघालं, राच साय. तिथे माझे मामा आहेत, त्यांच्या हाताला गुण आहे. चुकलं का माझं?

तुमची सुएन


राच साय
२४ सप्टेंबर १९८२

सुएन पोरी,

रडते म्हणे! तुझी लेक रडत नाही, रडवते. परवा शेजाऱ्याची बदकं होडीत बसवून गावभर फिरवून आणली. बदकं खूश, शेजारी काठी घेऊन माझ्या दारात. मी त्याला खोकल्याचा काढा फुकट दिला तेव्हा गेला.

सुई पाच तारखेलाच झाली. किएमने दिली. किएम म्हणजे आपल्या दवाखान्याचा तो पाऊण डॉक्टर, आठवतो ना? पुरता डॉक्टर नाही हे तोही कबूल करतो, पण हात हलका आहे. मी तिचे हात धरले, मामीने पाय धरले, आणि लुआने मामीच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. मामी तो व्रण बाजारात दाखवत फिरते, जसा काही सोन्याचा बिलवर.

तुझ्या बागेचं ऐक. अगं शहाणे, या दिवसांत बाग? नदी अंगणात आलीय. मी खाटेवर बसून लिहितोय आणि खाटेखाली मासे फिरतायत. मामी घरातूनच गळ टाकते. तुझ्या साहेबाला म्हणावं, कमळं हवी असतील तर लावतो.

आणि हाताच्या गुणाचं कुणाला सांगत बसू नकोस. माझा पाला काय करतो ते मला चांगलं ठाऊक आहे. खरूज, खोकला, पोटातली मुरड, बाळंतिणीचं दूध, साधासुधा ताप. माझ्या बापानेही एवढंच केलं आणि बाकीच्यांना होडीत घालून फ्रेंच डॉक्टरकडे धाडलं. हल्ली तालुक्याहून पोतं भरून किराईताच्या गोळ्या येतात. तापाला किराईत, हगवणीला किराईत, उद्या म्हशीने शिंग मारलं तरी किराईत. किराईत बिचारं चांगलं आहे गं, पण त्याने तरी कुठे कुठे पुरावं?

लुआचे गुडघे माझ्याकडे लागले. रानविड्याची पानं भाजून बांधतो, लाजाळूचं मूळ आणि आघाडा उकळून तीन वाट्यांची एक वाटी करून पाजतो. दुखणं थांबतं, पोर पळते. पण तिचं हृदय माझ्याकडे नाही. ते त्या सुईकडे. हे तुला सांगतोय, तुझ्या साहेबालाही सांग.

साऊ मामा


शहर
१८ ऑक्टोबर १९८२

मामा,

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि एकटीच हसत सुटले. शेजारच्या टेबलावरच्या बाईला वाटलं, मला साखर मिळाली.

आता चेष्टा पुरे. साहेब डिसेंबरात राजधानीचे पाहुणे घेऊन येणार. सरकारने ठरवून दिलेली सगळी झाडं बागेत दिसली पाहिजेत. मामा, हा विभाग टिकला तर मी टिकेन. नाही तर मला जंगल तोडून बसवलेल्या नव्या वसाहतीत धाडतील. तिथून तुमच्याकडे यायला नीट बोटसुद्धा नाही. लेक वर्षातून एकदा दिसेल. म्हणून हात जोडते, एवढं जमवा.

आणि लुआच्या गुडघ्यांना काय काय करता ते नीट लिहून पाठवा. साहेबांना विभागाच्या पुस्तिकेसाठी एक जिवंत उदाहरण हवंय. त्यांना म्हटलं, माझ्या स्वतःच्या मुलीचं देते. ते इतके खूश झाले! विभागात पहिल्यांदाच मला खुर्ची दिली बसायला.

सुएन


राच साय
६ नोव्हेंबर १९८२

पोरी,

लिहून पाठवलंय, सोबतचा कागद बघ. पानं, मुळं, किती उकळायचं, किती वेळ बांधायचं, सगळं. आणि ‘सुई दर महिन्याला, त्याशिवाय हे करू नये’ ही ओळ मुद्दाम मोठ्या अक्षरात काढलीय, चष्मा विसरलेल्या साहेबालाही दिसावी म्हणून.

पाणी ओसरलं, मागे नुसता चिखल. त्यात डिसेंबरपर्यंत काय डोंबल उगवणार? किएमने तोड काढलीय. वरच्या अंगाच्या गावांतून कुंड्या उसन्या आणायच्या. कुंड्या म्हणजे फुटके माठ, तेलाचे डबे, एका बाईने तर नवऱ्याचा पलटणीतला लोखंडी टोप दिलाय, त्यात पुदिना. मी किएमला म्हटलं, अरे ही बाग आहे की लग्नाचं वऱ्हाड? तो म्हणाला, काका, सगळीकडे असंच चालतं. वरच्या गावाची तपासणी झाली तेव्हा आपला माका आणि आपलं आलं तिकडे गेलं होतं, तुम्ही झोपला होतात.

मला हे पटत नाही. पण मी नाही म्हणालो तर तुझी रवानगी जंगलात. तेव्हा गप्प बसतो. तुझ्यासाठी हं, किएमला आदर्श गावाचं निशाण हवंय त्यासाठी नाही.

लुआची सुई काल झाली. या वेळी तिने किएमला चावलं.

साऊ मामा


राच साय
१० डिसेंबर १९८२

सुएन,

झाली तुझी तपासणी. आदर्श गावाचं लाल निशाण मिळालं, दवाखान्यात खिळ्याला टांगलंय.

आधी गंमत सांगतो, मग दुसरं. कुंड्या आदल्या दिवशी आठ होड्या भरून आल्या. गावच्या बाया रात्रभर पानं पुसत होत्या. पाहुणे आले, एकेका झाडापुढे उभे राहिले, मान डोलावली. पण पलीकडच्या गावाची तपासणी त्याच दिवशी दुपारी लागली होती आणि निम्म्या कुंड्या त्यांच्या! मग पाहुण्यांना जेवायला बसवलं, खारवलेल्या माशाचा रस्सा पुन्हा पुन्हा वाढला, आणि मागच्या मागे पोरांनी कुंड्या होडीत चढवल्या. पाहुणे हात धुऊन पलीकडच्या गावी पोचले तेव्हा तो टोपातला पुदिना त्यांच्या आधी पोचून उभा. एक पाहुणा म्हणाला म्हणे, इकडे टोपात पुदिना लावायची रीतच दिसते.

आता दुसरं. जेवणाआधी तुझ्या साहेबाने भोंगा हातात घेतला. म्हणाला, या गावात एक मुलगी आहे, सांध्यांच्या तापाने अंथरुणाला खिळली होती, परदेशी औषधाचा एक थेंब न घेता केवळ आपल्या मातीतल्या पाल्याने ती ठणठणीत झाली. आणि लुआला पुढे बोलावलं. तिला म्हणाला, बाळ, त्या झेंड्याच्या काठीपर्यंत पळून दाखव. ती पळाली. जाऊन आली. लोकांनी टाळ्या पिटल्या तर म्हणाला, आणखी एकदा. ती आणखी एकदा पळाली. निळा सदरा घातला होता तिने, मामीने भिजवून शिवलेला. परत आली तेव्हा ओठ जांभळट आणि छाती भात्यासारखी. ती मात्र खूश. मला म्हणाली, आजोबा, मी जिंकले ना?

भोंग्यापुढे माझ्यासारख्याचं कोण ऐकतो. पण तुला विचारतो. थेंब न घेता? मी मोठ्या अक्षरात लिहिलेली ओळ कुठे गेली? कुणी खाल्ली?

साऊ मामा


शहर
३ जानेवारी १९८३

मामा,

मी खाल्ली.

तुमच्याशी खोटं बोलायला जीभ रेटत नाही. साहेब म्हणाले, सुईची ओळ असली तर पाल्याचं कोण वाचेल? लोक म्हणतील, सुईनेच बरी झाली. एक तर तुमचं उदाहरण काढून टाका, नाही तर ती ओळ काढा. तुमच्यावर सोडतो. मी रात्री घरी कागद आणला, दोनदा लिहून पाहिला, आणि तिसऱ्यांदा ओळीशिवाय लिहिला. आता पुस्तिका छापून सगळ्या प्रांतांत जाणार आहे.

रागावला असाल. रागवा. पण मामा, नुकसान कुणाचं झालं? कागदावर सुई नाही म्हणून काय ती दंडात जायची थांबते? तुम्ही तिथे, किएम तिथे, पाच तारीख तिथे. कागद हे कागदाच्या जागी राहतात, मी आठ वर्षं ऑफिसात आहे, मला माहितीय.

पळवायला नको होतं. ते मला साहेबांनी आधी सांगितलं नव्हतं, देवाशपथ. तिला झोपून श्वास लागतो का, ते बघा. आणि परवाच्या पाच तारखेची सुई झाली की दोन ओळी टाका.

मला कायम केलं, मामा. जंगलाचं टळलं. तेतच्या, नव्या वर्षाच्या सणाला सुट्टी मिळायची नाही, विभागाची परिषद आहे, पण नंतर नक्की येते.

सुएन


राच साय
१० फेब्रुवारी १९८३

सुएन पोरी,

तेतच्या शुभेच्छा. नवं वर्ष पंचांगात डुकराचं, म्हणजे खाऊनपिऊन राहायचं. मामीने केळीच्या पानात चिकट भाताचे उंडे बांधून चुलीवर चढवलेत, रात्रभर शिजतील. दोन तुला होडीवाल्याबरोबर धाडतो. दुसरा साहेबाला देऊ नकोस, सांगून ठेवतो.

लुआ बरी आहे. मध्ये घसा धरला होता, मीठपाण्याच्या गुळण्या करवल्या. मग गुडघे थोडे कुरकुरले, पानं बांधली, चार दिवसांत सूज पार गेली. किएम बघून म्हणाला, काका, पुस्तिकेत लिहिलंय ते खरंच की! मामीने तर पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावली. हल्ली पोर जरा शांत असते, बदकांच्या मागे जात नाही. मोठी होतेय.

परिषद सोडून येऊ नकोस. सणाच्या बोटी माणसांनी फुटतायत.

अरे हो, ती सुई शहरात कुठे मिळते का, बघून ठेव. किएमचा माल जरा उशिरा येतोय. घाई नाही.

साऊ मामा


शहर
२४ फेब्रुवारी १९८३

मामा,

घाई नाही? घाई नाही म्हणजे काय? जानेवारीची सुई झाली का? मी विचारलं होतं, तुम्ही त्याचं उत्तरच दिलं नाही. मी मूर्ख, भाताचे उंडे खात बसले.

तुमचं पत्र वाचून तडक औषधांच्या गोदामात गेले. तिथली बाई माझ्या ओळखीची. तिला म्हटलं, राच सायचं पेनिसिलिन का अडलंय? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी थट्टाच करतेय. म्हणाली, “अगं, अडलं नाही, बंद केलं. ज्यांच्या बागा आदर्श ठरल्या त्यांचा वाटा बाग नसलेल्या गावांना. थोडं असतं, कुणाला तरी द्यायचं, कुणाचं तरी काढायचं. तुमचं गाव तर पाल्यावर भागवतं ना? तुमच्याच विभागाने लिहून दिलंय. सांध्यांचा तापसुद्धा बरा केला म्हणे.”

मामा, तो कागद मीच लिहिलेला.

साहेबांकडे गेले. म्हणाले, तिमाहीचं वाटप झालं, आता एप्रिलनंतर बघू. मग काळ्या बाजारात गेले, जिथे लोक अमेरिकेतल्या नातलगांकडून आलेली पार्सलं फोडून विकतात. एक बाटली घेतली, तर आत खडूची भुकटी, पाण्यात विरघळेना. सायकल विकून दुसरी बाटली घेतली. ही खरी आहे, इस्पितळातल्या मैत्रिणीला दाखवून घेतलीय. होडीवाल्याच्या पायाशी पडून त्याच्याबरोबर पाठवतेय. पोचल्याबरोबर द्या, तारखेची वाट बघू नका.

आणि मला खरं लिहा. गुडघ्यांची सूज गेली म्हणून उदबत्त्या लावू नका हो. गुडघे बरे होणारच होते. मला तिचा श्वास सांगा. पायांवर बोट दाबलं तर खड्डा राहतो का? उशीशिवाय झोपते का?

सुएन


राच साय
९ मार्च १९८३

सुएन,

बाटली पोचली त्याच घटकेला किएमने सुई दिली. लुआ चावली नाही. हात पुढे केला आणि डोळे मिटून घेतले.

खरं लिहितो. जानेवारीत सुई नव्हती, फेब्रुवारीत नव्हती. किएम म्हणायचा, पुढच्या बोटीने येईल, पुढच्या बोटीने येईल. तुला कळवलं तर तू ऑफिसात आरडाओरडा करशील आणि नोकरी घालवशील, म्हणून मी गप्प बसलो. मग घसा, मग ताप, मग गुडघे. पानं बांधली आणि सूज उतरली. तुला लिहिलं होतं ना मी, की तिचं हृदय माझ्याकडे नाही? तेच मी विसरलो. सगळं गाव म्हणायला लागलं, साऊ काकांचा पाला, साऊ काकांचा पाला, ते पुस्तिकेतसुद्धा आलंय. आणि या म्हाताऱ्याला ते गोड लागलं, पोरी. गुडघे पळायला लागले तर मला वाटलं, सगळीच बरी झाली.

आता आडवी होत नाही. गुंडाळलेल्या चटईला टेकून बसते, तशीच झोपते. पायांवर बोट दाबलं तर खड्डा राहतो. तालुक्याच्या इस्पितळात नेली. डॉक्टर भला होता, छातीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकत राहिला. म्हणाला, झडप गेली, इथे माझ्याकडे पाणी उतरवायची गोळी नाही, हृदयाची गोळी नाही, किराईत आहे. शहरापर्यंतच्या बोटीचे धक्के तिला झेपणार नाहीत. मी मक्याचे केस आणि दर्भाची मुळं उकळून देतो. लघवी सुटते, एक दिवस चेहऱ्याची सूज उतरते, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरते. एवढंच माझ्याच्याने होतं.

तुला विचारते. बोलताना मध्ये थांबावं लागतं तिला. काल म्हणाली, आजोबा, ते पाहुणे परत आले तर त्यांना सांगा, आज नाही पळणार.

ये. परिषद असो, साहेब असो, ये.

आणखी एक. किएम म्हणतो, पाला चालला नाही असं गावाने लेखी दिलं तर पुढच्या तिमाहीत पेनिसिलिन परत सुरू होईल. आपल्याकडे आणखी दोन पोरं आहेत त्या सुईवरची. मी लिहून दिलंय. लिहिलंय की झाडपाला बरोबर होता, वैदू अडाणी निघाला. तपासणीला आलेल्यांना मी फसवलं, मुलीचा आजार लपवला. असं लिहिलं तरच ते घेतात, किएमने विचारून घेतलं. विभागाला धक्का नको, तुला धक्का नको. तू त्यात काही बोलू नकोस.

मामा


राच साय
२ मे १९८३

सुएन,

तू गेलीस त्याला महिना होऊन गेला, तुझं पत्र नाही. लुआला माती दिल्यावर तू तीन दिवस घरात होतीस आणि भाताचं शीत तोंडात घातलं नाहीस. मामी अजून तेच बोलते. जेवतेस का? एवढं तरी कळव.

इकडचं सांगतो. पेनिसिलिन आलं. परवा किएमने पाच तारखेची वाट न बघता दोन्ही पोरांना सुई दिली. विणकरणीच्या मुलाने एवढं बोंबलून घेतलं की मी इथे घरात ऐकलं. छान वाटलं ऐकून. मग मागच्या दारी जाऊन बसलो.

मला औषध द्यायची बंदी झाली. दवाखान्यामागची बाग उपटून तिथे टॅपिओकाचे कंद लावलेत, खायला. निशाण मात्र तसंच आहे, ते परत कसं करायचं याचा हुकूम कुणाकडे नाही. लोक आधी चार दिवस माझ्या दारावरून मान खाली घालून गेले. आता संध्याकाळी मागून येतात, काका खरूज, काका खोकला. मी देत नाही. हात उठत नाही. मामी देते, मी झाडाकडे बोट दाखवतो.

तू मला इथे असताना म्हणालीस, सगळं माझ्यामुळे झालं, मी वर जाऊन सांगते. काय सांगशील? गावाला एक दोषी माणूस मिळालाय, त्यांना तेवढं पुरतं. मी म्हातारा आहे, माझ्याकडून काय घेणार आहेत? तू जाऊन बोललीस तर पेनिसिलिन पुन्हा चौकशीत अडकेल. त्या दोन पोरांच्या आयांना कोण तोंड दाखवील मग? तेव्हा गप्प राहा. मला राग नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू. राग आहे. तुझ्यावर आहे, माझ्यावर जास्त आहे. पण माझं तुझ्याशिवाय आहे कोण, म्हणून लिहितोय.

मामा


शहर
३० मे १९८३

मामा,

जेवते. ज्वारीच असते, पण जेवते.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे बाहेर गप्प राहिले, पण साहेबांकडे गेले. म्हटलं, निदान पुस्तिकेतून माझ्या मुलीचं पान काढा, दुसऱ्यांदा छापायच्या आधी. ते उठून माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. वाईट माणूस नाहीत हो ते. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाले, “तुमचं दुःख मी समजू शकतो. पण बाई, डिसेंबरात ती पळाली होती, मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा ती बरी होती हे तर खरंच ना? पुढे त्या वैदूने हलगर्जी केली, त्याला पुस्तिका काय करणार?” तुम्ही लिहून दिलेला कबुलीचा कागदच होता त्यांच्या हातात.

पुस्तिका पुन्हा छापली. आता उत्तरेकडेही गेलीय. तिच्यामागे पत्रं येतात, पोतं भरून, आणि ती उघडायचं काम मला दिलंय, कारण त्या पानाबद्दल मला सगळ्यांत जास्त माहिती. आया लिहितात. मुलाचे गुडघे सुजलेत, रानविड्याची पानं आमच्याकडे होत नाहीत, दुसरं काय चालेल? मी प्रत्येकीला हाताने लिहिते, आधी सुई, सुईशिवाय काही करू नका. छापील उत्तरावर तसं लिहायला परवानगी नाही, म्हणून पाकिटात वेगळी चिठ्ठी सरकवते. कितीजणींना सुई मिळते, देव जाणे.

काल एक पत्र आलं. पार वरून, चीनच्या सरहद्दीजवळच्या डोंगरातून. सोबत कापडात बांधलेला मूठभर चहा. त्या बाईने शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेतलंय. मुलगी सात वर्षांची. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे पानं बांधली, काढा दिला, सूज उतरली. पोर आता गुरांच्या मागे डोंगर चढते. सुईला दिवसभर चालत जावं लागायचं, ती आता बंद केली. तुमच्या गावच्या मुलीला आणि तिच्या आईला आमचे आशीर्वाद सांगा, असं लिहिलंय.

मी तिथल्या तिथे उत्तर लिहिलं आणि स्वतः जाऊन टपालात टाकलं. खिडकीतला माणूस म्हणाला, त्या भागात रस्ता वाहून गेलाय, पोचायला दोन महिने तरी लागतील.

सुएन